नवव्या दिवशी निघालेली कवळी

कोविड न्यूमोनियाने दाखल झालेल्या एका रुग्णाच्या तोंडातल्या बुरशीचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून सारख्याच काही रुग्णांचे तपशील एकत्र गुंफले आहेत. आमच्या हातून झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण हे लिहायला बसलो ते त्या चुकांमुळेच.

रुग्ण

वय ६७, स्त्री. १२ वर्षांपासून मधुमेह, त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन. वरच्या जबड्याला पूर्ण कवळी, खाली स्वतःचे ९ दात. ताप-खोकला सुरू झाल्याच्या सातव्या दिवशी धाप लागली म्हणून मुलाने आणलं. आल्या तेव्हा ऑक्सिजनशिवाय रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ८८ टक्के, श्वास मिनिटाला २८, एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात पांढरट छाया. आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह. साखर २६२, एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८.४ टक्के. एचआयव्ही निगेटिव्ह.

उपचार ठरल्याप्रमाणे सुरू झाले. मास्कमधून मिनिटाला १५ लिटरपर्यंत ऑक्सिजन, दुसऱ्या दिवसापासून नाकातून हाय-फ्लो, म्हणजे मोठ्या प्रवाहाने दिलेला दमट ऑक्सिजन, तो सहन होईना तेव्हा पुन्हा मास्क. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, पाच दिवस रेमडेसिविर हे विषाणूविरोधी औषध, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपॅरिन, मधुमेहाच्या गोळ्या थांबवून इन्सुलिन. सोबत दोन अँटिबायोटिक्स, सेफ्ट्रिॲक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन. चौथ्या दिवशी ताप परत चढला तेव्हा सेफ्ट्रिॲक्सोनच्या जागी पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आलं. तो निर्णय माझा. त्या दिवशी बॅक्टेरियाचा एकही पुरावा हातात नव्हता, फक्त चढलेला ताप आणि माझी धास्ती होती.

चार नोंदी

पाचव्या दिवशी केसपेपरवर नोंद आहे, ‘जेवण कमी’. सहाव्या दिवशी, ‘चव लागत नाही म्हणतात’. सातव्या दिवशी, ‘सूप अर्धा कप, बाकी नको’. आठव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरांची नोंद, ‘गिळताना दुखतं’.

या चारही नोंदी मी वाचल्या होत्या आणि चारही मी विषाणूच्या खात्यावर टाकल्या. कोविडमध्ये चव जाते, भूक मरते, घसा दुखतो, थकवा तर असतोच. एकेक नोंद सुटी घेतली तर माझं म्हणणं चूक ठरवता आलं नसतं. चार एकापाठोपाठ एक वाचल्या असत्या तर मात्र दिसलं असतं की दुखणं दिवसागणिक पुढे सरकतंय, तेही नेमकं तेव्हा, जेव्हा बाकी सगळं सुधारत होतं. ताप उतरला होता, ऑक्सिजनची गरज कमी होत होती, शरीरातला दाह दाखवणारा सीआरपी खाली येत होता. विषाणूचा जोर ओसरत असताना त्याचीच म्हणून मानलेली लक्षणं वाढत होती, हे कोडं कुणालाच पडलं नाही.

आणखी एक गोष्ट नंतर मुलाकडून कळली. दाखल होताना आजींची चव शाबूत होती. कोविडमध्ये चव-वास जातात ते बहुधा आजाराच्या पहिल्या काही दिवसांत. आजाराच्या बाराव्या दिवशी नव्याने चव गेली तर विषाणूकडे बोट दाखवण्याआधी जीभ बघायला हवी. प्रश्न साधा होता, ‘चव आधीपासून गेली आहे की इथे आल्यावर?’ तो आम्ही विचारला नाही.

तोंड का पाहिलं नाही, याची कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. मास्क काढला की अर्ध्या मिनिटात ऑक्सिजन ८४ वर यायचा. उघडं तोंड, खोकला आणि आपला चेहरा यांत अंतर राखायचं, ही सवय त्या वॉर्डात सगळ्यांच्या अंगात भिनलेली होती. संरक्षक पोशाखात बॅटरी, चमचा, गॉझ हाताळणंही अवघड. पण गोळ्या गिळायला आणि पाणी प्यायला तोच मास्क दिवसातून पाच-सहा वेळा निघत होता. दहा सेकंद मिळाले असते. नऊ दिवस मी रोज या बाईंना भेटलो. छाती ऐकली, पाय दाबून सूज पाहिली, बोटावरचा आकडा पाहिला. तोंड उघडायला एकदाही सांगितलं नाही.

नववा दिवस

सकाळच्या सिस्टर मास्कचा पट्टा बदलत होत्या. त्यांना ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर लाल, ओलसर चिरा दिसल्या. त्यांनी विचारलं, “आजी, कवळी शेवटची कधी काढली होती?”

आजी म्हणाल्या, “घरी.”

म्हणजे नऊ दिवस ती जागची हलली नव्हती. का, तर काढली आणि कुठे हरवली तर? शिवाय मुलगा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा, त्याला बिनदातांचं तोंड दिसलं तर तो घाबरेल. काढून ठेवायला डबी आम्ही दिलेली नव्हती आणि दाखल करतानाच्या फॉर्मवर कवळीचा रकानाही नव्हता. चष्म्याचा होता. श्रवणयंत्राचाही होता.

सिस्टरांनी कवळी काढली आणि मला बोलावून घेतलं.

दोन्ही गालांच्या आत, मऊ टाळूवर आणि जिभेच्या कडांना फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखे पांढरे थर होते. ओल्या गॉझने पुसल्यावर ते निघाले आणि खाली लालभडक, किंचित रक्ताळलेला पृष्ठभाग उरला. कवळीखालचा कडक टाळू वेगळाच दिसत होता. तिथे पांढरं काहीच नव्हतं, पण कवळीच्या कडेबरहुकूम आखल्यासारखा लाल पट्टा उमटला होता. जीभ कोरडी, चिकट. लाळ बोटाला तार येईल इतकी दाट.

एकाच तोंडात कॅन्डिडा या यीस्ट प्रकारच्या बुरशीची तीन रूपं होती. पुसता येणारा पांढरा थर सगळ्यांना माहीत असतो, पुस्तकातल्या फोटोंतही बहुधा तोच असतो. ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा जीवनसत्त्वांच्या कमतरतेवर ढकलल्या जातात. सर्वांत जास्त नजरेतून सुटतो तो कवळीखालचा लाल टाळू. पांढरं दिसलं नाही म्हणजे बुरशी नाही, असा समज पक्का असतो आणि कवळी न काढता टाळू दिसतच नाही. वृद्ध रुग्णाचं तोंड बॅटरी मारून पाहिलं, पण कवळी जागेवरच राहू दिली, तर ते तोंड पाहिलं असं मी आता म्हणत नाही.

दुसरं काय असू शकलं असतं? न जेवणाऱ्या रुग्णाच्या जिभेवर साधा पांढरा लेप साचतो, पण तो जिभेपुरता असतो, गालावर आणि टाळूवर नसतो. ल्युकोप्लाकिया किंवा लायकेन प्लेनस या आजारांतले पांढरे चट्टे पुसून निघत नाहीत. हर्पीसचा विषाणू गंभीर आजारात आणि स्टेरॉइडवर पुन्हा डोकं वर काढतो, पण त्याचे फोड फुटून लहान-लहान, दुखरे व्रण होतात. घरच्यांना फोन केला तेव्हा मुलाचा पहिला प्रश्न होता, “डॉक्टर, काळी बुरशी तर नाही ना?” भीती रास्त होती. मधुमेह, स्टेरॉइड आणि कोविड हे तिन्ही म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचेही धोके आहेत. म्हणून टाळूवर काळपट, मेलेला भाग आहे का, गाल बधिर आहे का, चेहऱ्याची एक बाजू सुजली आहे का, नाकातून काळसर स्राव येतो का, डोळ्याची हालचाल नीट आहे का, हे सगळं मुद्दाम तपासलं. काहीच नव्हतं. मुलाला सांगितलं की ही बुरशी वेगळी आहे, वरवरच्या आवरणावर वाढते, हाडात शिरत नाही आणि औषधाने जाते.

निदान डोळ्यांनीच झालं होतं. तरी खरवडून घेतलेला नमुना १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पाहिला. कोंब फुटलेल्या यीस्ट पेशी आणि लांबट खोटे तंतू भरभरून दिसले. कल्चर, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखण्याची तपासणी, पाठवलं ते कवळीमुळे आणि वयामुळे. अशा तोंडात कॅन्डिडा अल्बिकन्सच्या जोडीला ग्लाब्राटा ही जात सापडण्याची शक्यता असते, तिच्यावर फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाचा जोर कमी पडतो, आणि क्रूसेई या जातीवर तर ते चालतच नाही. आमच्या नमुन्यात फक्त अल्बिकन्स उगवली. क्रोम आगर या जातीनुसार रंग दाखवणाऱ्या माध्यमावर हिरव्या वसाहती, फ्लुकोनाझोलला संवेदनशील.

बुरशी आली कुठून

मुलाने विचारलं, “हॉस्पिटलमध्ये लागण झाली का?” उत्तर सरळ नाही. कॅन्डिडा निरोगी माणसांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडात आयुष्यभर निमूट राहते. आजींच्या कवळीवर ती बहुधा वर्षानुवर्षं होती. तेव्हा बुरशी घरची. तिला मोकळं रान मात्र आमच्या वॉर्डात मिळालं.

तोंडाची राखण मुख्यतः लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते, यीस्ट धुऊन नेते आणि तिच्यातली हिस्टॅटिन, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही प्रथिनं बुरशीला मारतात किंवा दाबून ठेवतात. ताप, धाप, तोंडाने श्वास आणि मास्कमधून येणारा कोरडा ऑक्सिजन यांनी ती लाळ आटवली. तोंडाच्या आवरणाखाली बुरशीला अडवणाऱ्या पेशींची जी साखळी असते, इंटरल्युकिन-१७ या संदेशवाहक प्रथिनाच्या हाकेवर धावून येणाऱ्या न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या रक्तपेशींची, ती स्टेरॉइडने ढिली केली. स्टेरॉइडनेच साखर ३०० च्या वर नेली. जागेसाठी आणि अन्नासाठी यीस्टशी झगडणारे बॅक्टेरिया अँटिबायोटिक्सनी संपवले. आणि नऊ दिवस न काढलेली कवळी, सूक्ष्म छिद्रांच्या ॲक्रिलिकची, तिच्याखाली लाळ पोहोचत नाही, जिभेची घासणी लागत नाही, आणि त्या उबदार, आम्लधर्मी फटीत बुरशीचा चिवट थर निवांत जमतो.

अशा वेळी गोल यीस्ट पेशी लांब तंतू फेकू लागते. तंतू आवरणात घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात, जे पेशींच्या पटलांना भोकं पाडतं. या विषाचा शोध २०१६ मधला, म्हणजे तसा ताजाच. गॉझने पुसल्यावर खाली रक्ताळलेलं का दिसतं, याचं उत्तर बरंचसं त्यात आहे. तो पांढरा थर म्हणजे साचलेली साय नव्हे. बुरशीचे तंतू, मेलेल्या पेशी आणि दाहातून झिरपलेला स्राव यांची ती वीण असते आणि तिची मुळं आवरणात रुतलेली असतात.

इथे एक जुनी हकिगत आठवते. १८३९ मध्ये बर्नहार्ड फॉन लांगेनबेक या जर्मन डॉक्टरांनी टायफसने दगावलेल्या रुग्णाच्या तोंडातल्या आणि अन्ननलिकेतल्या पांढऱ्या थरात बुरशी पाहिली आणि तीच टायफसचं कारण असावी असं त्यांना वाटलं. तापाच्या आजाराने खचलेल्या देहात बुरशी मागाहून आली होती, त्यांनी तिला मूळ मानलं. आम्ही नेमकं उलटं केलं. बुरशीचं दुखणं मूळ आजाराच्या नावावर लावून मोकळे झालो.

स्टेरॉइड थांबवायचं का?

त्याच दुपारी राऊंडला हा प्रश्न आला आणि विचारणाऱ्या निवासी डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता. थ्रश, म्हणजे तोंडातली ही बुरशी झाली, साखर चढली, मग डेक्सामेथासोन आजच बंद करू या. मी नाही म्हटलं. रिकव्हरी या मोठ्या चाचणीत ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत दिल्यावर ऑक्सिजनवरच्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतले मृत्यू २६.२ टक्क्यांवरून २३.३ टक्क्यांवर आले, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये ४१.४ वरून २९.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना फायदा झाला नाही. आजी ऑक्सिजनवर होत्या, म्हणजे त्या औषधाच्या खऱ्या हकदार होत्या. तोंडातली बुरशी ही त्या औषधाची टाळता येण्यासारखी किंमत. ती टाळायची तोंडाची निगा राखून. जीव वाचवणारं औषध त्यासाठी काढायचं नसतं. दहाव्या दिवशी डोस पूर्ण झाला आणि तिथेच थांबवला. ‘अजून दोन-चार दिवस असू दे’ हे मात्र होऊ दिलं नाही.

अँटिबायोटिकचा हिशेब वेगळा. रक्ताची कल्चर्स पाच दिवसांनंतरही कोरी, बॅक्टेरियाच्या संसर्गात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन फक्त ०.०८. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमला पहिल्या दिवसापासून आधार नव्हता, तो नवव्या दिवशीही नव्हता. ते बंद केलं. चौथ्या दिवसाचा ताप विषाणूचाच होता.

आणि थुंकीचा रिपोर्ट. दहाव्या दिवशी तो आला, ‘कॅन्डिडा वाढली’. लगेच फोन, फुप्फुसात बुरशी पसरली का, शिरेतून औषध सुरू करायचं का? या एका ओळीने किती रुग्णांना विनाकारण बुरशीविरोधी औषधं मिळाली असतील! थुंकी तोंडातून येते. तोंड बुरशीने भरलेलं असेल तर थुंकीत बुरशी सापडणारच. कॅन्डिडाचा खरा न्यूमोनिया अतिशय दुर्मिळ असतो आणि थुंकीच्या कल्चरवरून तो ठरवता येत नाही. आजींचा ऑक्सिजन सुधारत होता, रक्तात बुरशी नव्हती, मध्यवर्ती शिरेत नळी नव्हती. त्या रिपोर्टवर मी काहीही सुरू केलं नाही. त्या रिपोर्टने सांगितलं ते एवढंच की तोंडाकडे बघा, आणि ते आम्ही एक दिवस आधीच पाहिलं होतं.

पहिला उपचार का फसला

नवव्या दिवशी संध्याकाळी निस्टॅटिनचं द्रावण सुरू केलं. एका मिलिलिटरमध्ये १ लाख युनिट, ५ मिलिलिटर, दिवसातून चार वेळा तोंडात घोळवून गिळायचं. क्लोट्रिमाझोलची चघळायची गोळी टाळली, कारण ती विरघळायला लाळ लागते आणि लाळच नव्हती. निस्टॅटिन जुनं आणि भरवशाचं औषध. १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी ते मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं आणि न्यूयॉर्क स्टेट या त्यांच्या राज्याचं नाव त्याला दिलं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही. म्हणून ते सुरक्षित आहे, आणि म्हणूनच जिथे टेकेल तिथेच काम करतं.

तीन दिवसांनी, बाराव्या दिवशी, तोंड जवळपास तसंच होतं. बुरशी औषधाला दाद देत नाही असं लिहून पुढच्या औषधाकडे जाणं सोपं होतं. त्याऐवजी त्या सकाळी मी औषधांच्या ट्रॉलीबरोबर उभा राहिलो आणि औषध प्रत्यक्षात कसं दिलं जातं ते पाहिलं.

आधी क्लोरहेक्झिडिनने चूळ. लगेच निस्टॅटिन. लगेच गिळा. लगेच मास्क. पंधरा सेकंदांचं काम.

यात तीन गोष्टी बिघडल्या होत्या. क्लोरहेक्झिडिन आणि निस्टॅटिन एकमेकांना भेटले की न विरघळणारा क्षार तयार होतो आणि दोन्ही निकामी होतात. त्यांच्यात किमान अर्धा तास हवा. चूळ भरण्याची ऑर्डर पहिल्या दिवशी माझ्याच सहीने गेली होती, निस्टॅटिन लिहिताना ती पुसायला मी विसरलो. दुसरं, औषध तोंडात थांबतच नव्हतं. मास्क काढला की ऑक्सिजन घसरतो, या धाकाने आजी ते घटकन गिळत होत्या. तिसरी गोष्ट कवळीची. ती रोज रात्री निघत होती, डबीत साध्या पाण्यात राहत होती आणि सकाळी बुरशीचा तोच थर घेऊन टाळूवर परत बसत होती. आम्ही तोंडावर उपचार करत होतो आणि बुरशीचं मूळ घर रोज सकाळी स्वतःच्या हाताने तोंडात ठेवत होतो.

सिस्टरांचा यात दोष काढू नये. ऑर्डर होती तशी त्यांनी पाळली. ‘घोळवा’ म्हणजे किती वेळ, कशाआधी, कशानंतर, कवळीचं काय, यातलं एकही अक्षर माझ्या ऑर्डरमध्ये नव्हतं.

दुसरा टप्पा

त्याच दिवशी आजींनी नवी गोष्ट सांगितली. पाणी गिळताना आता घशात नाही, छातीच्या मधोमध हाडामागे दुखतं आणि अडकल्यासारखं होतं. थ्रश असताना हे दुखणं आलं की बुरशी अन्ननलिकेत उतरली असं धरून चालतात. तिथे तोंडातलं औषध पुरत नाही. ऑक्सिजनवरच्या रुग्णाची दुर्बीण तपासणी करण्यापेक्षा औषध सुरू करून प्रतिसाद बघणं शहाणपणाचं, मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. फ्लुकोनाझोल रोज २०० मिलिग्रॅम, २१ दिवस, असं ठरलं. निस्टॅटिन थांबवलं. सुरू करण्याआधी ईसीजी पाहिला, क्यूटीसी (ईसीजीतलं एक अंतर, ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात) ४५२, पोटॅशियम-मॅग्नेशियम ठीक. हे पाहणं गरजेचं होतं, कारण फ्लुकोनाझोल क्यूटी वाढवतं आणि ॲझिथ्रोमायसिन बंद झाल्यावरही अनेक दिवस ऊतींमध्ये रेंगाळतं.

सोबत बाकीची कामं, ज्यांना मी औषधापेक्षा कमी मानत नाही. कवळी दुखणं कमी होईपर्यंत पूर्ण बाहेर. तिला धातूचा भाग नव्हता, म्हणून रोज मऊ ब्रश आणि साबणाने घासून पातळ हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) भिजवायची, मग भरपूर पाण्याने धुवायची. गरम पाणी नाही, ॲक्रिलिक वाकतं. खालचे ९ दात दिवसातून दोनदा मऊ ब्रशने. तोंड तासा-दोन तासांनी ओल्या गॉझने ओलं करायचं. ऑक्सिजन शक्य तितका दमट ठेवायचा. आणि मुलाला मी स्वतः फोन करून सांगितलं की आज आई बिनकवळीच्या दिसतील, घाबरू नका.

चौदाव्या दिवशी पहाटे चार वाजता आजींना दरदरून घाम फुटला. साखर ५४.

ही आमची आणखी एक चूक. स्टेरॉइड दहाव्या दिवशी संपलं होतं, त्याचा असर उतरत होता. अकराव्या दिवशी इन्सुलिन कमी करून घरची ग्लिमेपिराइडची गोळी परत सुरू झाली होती. बाराव्या दिवशी त्यावर फ्लुकोनाझोल आलं. यकृतातलं सीवायपी२सी९ हे वितंचक (एन्झाइम) ग्लिमेपिराइडचा निचरा करतं आणि फ्लुकोनाझोल नेमकं त्यालाच अडवतं. गोळी तीच, डोस तोच, पण शरीरात ती जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहिली. त्यात जेवण अजून अपुरंच. ईसीजी आठवणीने पाहणाऱ्या मला मधुमेहाची गोळी आठवली नाही. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत त्या सावरल्या. ग्लिमेपिराइड बंद, फ्लुकोनाझोल संपेपर्यंत इन्सुलिनचा लहान डोस, आणि पुढचे दोन दिवस साखर दर चार तासांनी. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णात हाच खेळ रक्तस्रावापर्यंत जातो, तिथे तर नुसत्या मायकोनाझोल जेलनेही आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) चढतो.

सोळाव्या दिवशी गाल आणि मऊ टाळू स्वच्छ होते. छातीमागचं दुखणं त्याच्या आदल्या दिवशीच गेलं होतं. कवळीखालची लाली फिकी झाली, पण गेली नाही, तिला वेळ लागतो. ओठांच्या चिरा सुकल्या. जेवणाचा तक्ता पाहिला तर चौदाव्या दिवशी पाव ताट, पंधराव्या दिवशी अर्धं, सतराव्या दिवशी पूर्ण ताट. चव परत आली. अठराव्या दिवशी ऑक्सिजन सुटला, विसाव्या दिवशी त्या घरी गेल्या. वजन दाखल होताना ५८ किलो, जाताना ५३. या पाच किलोंमधले किती विषाणूचे आणि किती न पाहिलेल्या तोंडाचे, याचं उत्तर मला देता येणार नाही. पण ज्या दिवसांत फुप्फुसं सावरत होती, त्याच दिवसांत शरीराला लागणारं अन्न घशाखाली उतरत नव्हतं, आणि उठून बसायला त्यांना जे जास्तीचे दिवस लागले त्यात त्या उपासमारीचा वाटा होता, असं माझं मत आहे.

घरी जाताना फ्लुकोनाझोलचे उरलेले दिवस लिहून दिले, ग्लिमेपिराइड कधी परत घ्यायची ती तारीख मोठ्या अक्षरात लिहिली आणि कवळी रात्री काढून ठेवायची हे आजींना आणि मुलाला दोघांनाही समजावलं. कवळी वजन घटल्याने सैल झाली होती. सैल कवळी घासते आणि घासलेल्या जागी बुरशी परत बसते, म्हणून दंतवैद्याकडे पाठवलं.

आमच्या वॉर्डात त्यानंतर दाखल करतानाच्या फॉर्मवर चष्म्याच्या खाली कवळीचा रकाना आला आणि रोजच्या तक्त्यात नाडी-तापाच्या ओळीखाली ‘तोंड’ अशी एक ओळ. त्यात चार गोष्टी लिहायच्या: ओलं की कोरडं, पांढरं, लाल, कवळी बाहेर काढून पाहिलं का. ही ओळ सुचवली ती नवव्या दिवसाच्या त्याच सिस्टरांनी. पहिल्या आठवड्यात निम्म्या खाटांवर ती कोरी राहायची. मग राऊंडला मी छातीआधी तोंड पाहायला लागलो, तेव्हा ती भरली जाऊ लागली.

तीन आठवड्यांनी आजी तपासणीला आल्या. ऑक्सिजन ९७ टक्के, वजन ५५, सकाळची साखर १३२. त्या खुर्चीत बसल्या, पिशवीतून डबी काढली, मी काही विचारायच्या आत कवळी तिच्यात ठेवली आणि तोंड उघडलं. टाळू गुलाबी होता.